मुलांच्या फुटबॉल सामन्याआधी पोशाख-साहित्याची तपासणी: काय अडवायचं, काय चालवून घ्यायचं

सामन्याला पाच मिनिटं उरल्यावर तपासणीला गेलात, तर कानातलं निघत नाही म्हणून एखादं मूल रडवेलं होऊन बाहेर बसतं. म्हणून नव्या रेफरींनी अर्धा तास आधीच दोन्ही संघांकडे जावं.

सोबत चालू वर्षाची नियमावली, स्पर्धेचं नियमपत्रक आणि राखीव खेळाडूंसकट संघाची यादी ठेवा. राष्ट्रीय संघटनेला मुलांसाठी मैदानाचं माप, चेंडूचं वजन, खेळाची वेळ बदलता येते. पोशाख-साहित्याचा नियम 4 मात्र या सवलतींत बसत नाही. त्यामुळे ‘एवढ्या लहानांना शिनगार्ड (नडगीचं संरक्षक कवच) कशाला?’ हे शांतपणे ऐकून घ्या, पण मान्य करू नका.

बाह्यांची जर्सी, शॉर्ट्स, मोजे, मोज्यांनी झाकलेले शिनगार्ड आणि बूट, एवढं सक्तीचं. शिनगार्ड योग्य मापाचे आहेत ना, हे बघणं 2024-25 पासून खेळाडूची जबाबदारी आहे. तरी नऊ वर्षांच्या पोराकडून ती अपेक्षा काय करणार? शिनगार्ड फारच छोटे दिसले तर मी प्रशिक्षकाच्या कानावर घालतो. बुटांचे स्टड, म्हणजे तळाच्या गुट्ट्या, मात्र स्वतः हाताने चाचपा. धार लागली तर ते बूट बाद.

अंगठी, साखळी, कानातलं, रबरी पट्टा, सगळं काढायचं. 2025-26 च्या नियमावलीत वरून टेप लावून झाकायलाही मनाई आहे.

खेळाचा चष्मा, मऊ पॅडचं शिरस्त्राण, गुडघ्याचं संरक्षक चालतं. डोक्यावरचं वस्त्र काळं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं, जर्सीला न जोडलेलं आणि धोका नसलेलं हवं. हाताला प्लास्टर असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जरूर वाचा, पण त्या चिठ्ठीत फक्त त्याच मुलाचा विचार असतो. ते प्लास्टर समोरच्याला लागेल का, हे तुम्हीच ठरवायचं.

रंगांच्या बाबतीत एवढं ताठर व्हायची गरज नाही. आतली बनियन बाहीच्या मुख्य रंगाची हवी, हे खरं. पण ती काढली की प्रश्न मिटतो. दोन्ही गोलरक्षकांच्या जर्सी एकाच रंगाच्या निघाल्या आणि बदलायला दुसरी नसली, तर नियमच सामना खेळवायला सांगतो.

खेळ चालू असताना चूक दिसली तर लगेच शिट्टी वाजवायलाच हवी असं नाही. खेळाडूला दुरुस्तीसाठी बाहेर जायला सांगा. खेळ थांबेपर्यंत त्याने जागच्या जागी दुरुस्ती केली, तर तेही लागत नाही. बाहेर गेलेल्याला मात्र तपासणी आणि तुमची परवानगी याशिवाय आत येता येत नाही. तसाच आला तर पिवळं कार्ड.

धावताना बूट निसटला तर तो लवकरात लवकर, उशिरात उशिरा चेंडू खेळाबाहेर जाईपर्यंत घालायचा. त्याआधी त्याच अनवाणी पायाने गोल झाला, तर पालक कितीही ओरडोत, गोल द्यायचा.