मॉली : आजारपण व शुश्रूषा

मॉली ही पीसिलिडी कुलातील, गोड्या व मचूळ पाण्यात राहणारी मासळी. ती अंडी बाहेर न टाकता थेट पोहती पिल्ले देते, म्हणून गप्पी, प्लॅटी व स्वोर्डटेल यांच्याबरोबर तिची गणना अंडजरायुज माशांत होते. दुकानात ती ‘चिवट, नवशिक्यांनी पाळावी अशी’ म्हणून विकली जाते. ती चिवट आहे हे खरे, पण तिच्या पाण्यात. ज्या पाण्यात गप्पी वर्षभर निभावून नेतो, त्याच पाण्यात मॉली महिन्याभरात कोपरा धरून बसते. तिच्या बहुतेक आजारांचे मूळ पाण्यात असते, आणि म्हणून शुश्रूषेत औषधाचा क्रम पाण्यानंतर लागतो.

मूळ अधिवास : दुकानातली मॉली ही बहुधा पीसिलिया स्फेनॉप्स, पी. लॅटिपिना व पी. वेलिफेरा या तीन जातींच्या संकरातून आलेली असते. ल्युस्यर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८२१ मध्ये मोलियन या फ्रेंच मंत्र्याच्या नावावरून ‘मोलिएनेसिया’ ही प्रजाती मांडली. ती पुढे पीसिलियात विलीन झाली, पण ‘मॉली’ हे बोलीतले नाव टिकले. पाठीवर शिडासारखा पर असलेली लॅटिपिना अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायनापासून मेक्सिकोतील व्हेराक्रूझपर्यंतच्या किनारपट्टीवर, खाड्या व खाजणांत आढळते. समुद्राच्या पूर्ण खाऱ्या पाण्यातही ती जगू शकते. मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातील गंधकयुक्त झऱ्यांत व एका गुहेत तर तिची एक भावकी हायड्रोजन सल्फाइडसारख्या विषारी वायूत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. अशा घराण्यातली मासळी बैठकीतल्या काचेच्या बरणीत आठ दिवसांत मरते, तेव्हा दोष तिच्या नाजूकपणाचा नसतो.

पाणी : गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरते आणि क्षार कल्ल्यांवाटे बाहेर झिरपतात. शिरलेले पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकतात, गेलेले क्षार कल्ल्यांतील खास पेशी पुन्हा ओढून घेतात. या कामावर माशाची शक्ती अखंड खर्च होते. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तर कल्ल्यांची ही गळती कमी होते. मॉलीचे शरीर अशाच दुष्फेन, म्हणजे क्षारांनी जड झालेल्या पाण्याला सरावलेले असते. लिटरमागे साधारण २०० ते ३५० मिलिग्रॅम कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने), ७.५ ते ८.२ पीएच आणि २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते.

महाराष्ट्रात हा मुद्दा नळावरच येऊन ठेपतो. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसाने भरणाऱ्या जलाशयांतून येते, पुण्याचे खडकवासल्यातून, दोन्ही सुफेन, म्हणजे कमी क्षारांची. दख्खनच्या पठारावरच्या बोअरवेलचे पाणी मात्र बहुधा जड असते. डाळ शिजायला वेळ लावणारे, बादलीला पांढरे थर चढवणारे हे पाणी घरात कुणाला आवडत नसले, तरी मॉलीला ते अमृत आहे. याउलट ‘शुद्ध’ म्हणून हौसेने टाकीत ओतलेले आरओचे पाणी जवळजवळ क्षारहीन असते; मॉलीसाठी त्याहून वाईट पाणी शोधूनही सापडणार नाही.

थरथर : मॉलीच्या दुखण्याची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे जागच्या जागी डोलणे. मासळी पुढे सरकत नाही. पर अंगाशी मिटून घेते आणि सापासारखे अंग डावी-उजवीकडे हलवत राहते. हौशी लोक याला ‘शिमी’ म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. सुफेन पाणी, थंडी, अमोनिया किंवा या सर्वांची मिळून झालेली दमणूक असे त्याचे अर्थ होतात. दुकानातून आणल्यावर दोन-चार दिवसांत थरथर सुरू झाली, तर आधी पाण्याचा संशय घ्यावा.

अमोनियाचा हिशेब थोडा फसवा आहे. माशांची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा मल व कुजणारे खाद्य यांतून तो तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचा विषारी वाटा पीएचवर ठरतो : २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का, तर पीएच ८ ला पाच टक्क्यांहून अधिक. म्हणून घाण झालेल्या टाकीत घाईने शिंपल्यांचा चुरा टाकून पीएच चढवला, तर जी मासळी जेमतेम तग धरून होती ती उपायानेच दगावते. आधी पाणी बदलून अमोनिया उतरवावा, कठीणपणा नंतर वाढवावा.

पहिले उपाय : रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी टाकीइतक्याच तापमानाचे असावे. नळाच्या पाण्यातला क्लोरिन घालवण्यासाठी दुकानात ‘अँटिक्लोर’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट चालते. दगडी रंगीत गोटे धुऊन चकचकीत करण्याचा आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळण्याचा मोह आवरावा, कारण जिवाणूंची वस्ती तिथेच असते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. वीज गेली की पंप थांबतो, प्राणवायू घटतो आणि स्पंजातले जिवाणूही गुदमरतात. भारनियमनाच्या गावी बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असावा. खाणे एक-दोन दिवस बंद ठेवले तर धडधाकट बांध्याची मासळी उपाशी मरत नाही, आणि पाणी मात्र सुधारते.

मिठाविषयी गैरसमज फार आहेत. खडे मीठ लिटरला १ ते ३ ग्रॅम या प्रमाणात, वेगळ्या भांड्यात विरघळवून, एक-दोन दिवसांत हप्त्याहप्त्याने घालतात. त्याने क्षारांची गळती भरून निघायला मदत होते. नायट्राइटच्या विषबाधेत मिठातले क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, हा त्याचा आणखी मोठा उपयोग. पण मिठाने पाणी दुष्फेन होत नाही. त्यासाठी शिंपले किंवा प्रवाळाचा चुरा फिल्टरमध्ये ठेवतात. मॅग्नेशियमसाठी थोडे एप्सम सॉल्ट घालतात. खाण्याचा चुना मात्र टाकीत कधीही घालू नये, त्याने पीएच क्षणात भडकतो. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून पाणी फक्त आटले असेल तर साधेच पाणी भरावे. टाकीत कोरिडोरास हे तळाशी वावरणारे छोटे मासे किंवा नाजूक पाणवनस्पती असतील, तर मिठाचा प्रयोग वेगळ्या टाकीत करणे भाग आहे.

विलगीकरण : २० ते ४० लिटरची, तळाला काही न अंथरलेली टाकी पुरते. मुख्य टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर, हीटर, झाकण, लपायला एखादी कुंडी आणि बाजूने लावलेला कागद एवढ्याने मासळी शांत होते. मात्र सबंध टाकीच आजारी असेल तर एकीला उचलून नेण्यात अर्थ नाही.

संसर्गजन्य आजार : अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके हा ‘इच’ या आदिजीवाचा प्रादुर्भाव. ठिपक्यातला जीव त्वचेखाली सुरक्षित असतो. तो गळून तळाला पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती एक-दोन दिवसांत नवा मासा शोधतात. औषध मारते ते फक्त या मोकळ्या पिल्लांना. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवतात. तापमान ३० अंशांपर्यंत नेल्यास हे चक्र लवकर उरकते, मात्र कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप जोरात हवा. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा दिसला, तर तो कापसासारख्या बुरशीचा नसून बहुधा कॉलम्नॅरिस जिवाणूचा असतो. हा जिवाणू उबेत फोफावतो. एका रोगात जीव वाचवणारी ऊब दुसऱ्यात जीव घेते. रोग ओळखल्याशिवाय हीटर चढवू नये.

गुदद्वारातून लाल दोरे लोंबत असतील तर ते कॅमालॅनस कृमी. गंमत म्हणजे हा कृमीही अंडी न घालता पिल्लेच देतो. त्यावर लेव्हामिसोल हे कृमिनाशक औषध उपयोगी पडते. त्याने कृमी लुळे पडतात व बाहेर टाकले जातात, ते तळातून नळीने ओढून काढावे लागतात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात. गटारात वाढणारे जिवंत ट्यूबिफेक्स किडे हे रोग घरी आणण्याचे हमखास साधन आहे. शिवाय मॉली मुळात शेवाळ खरवडून खाणारी. उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे पान किंवा सोललेला मटार तिच्या पोटाला जास्त मानवतो.

गर्भार मादी : गरोदरपण महिना ते दीड महिना चालते, आणि एका मिलनातले शुक्राणू साठवून मादी पुढे अनेक महिने पिल्ले देऊ शकते. दिवस भरत आलेल्या मादीला जाळीच्या छोट्या प्रसूतिपेटीत कोंडणे हा बाजाराने रूढ केलेला उपाय तिला घाबरवतो, आणि पोटाशी चिकटलेल्या बलकाच्या पिवळ्या पिशवीसकट अपुऱ्या दिवसांची पिल्ले पडतात. दाट वनस्पती किंवा तरंगती झुडपे अधिक बरी. नर सतत पाठलाग करत असेल तर औषध शोधण्याऐवजी नरालाच बाजूला काढावे. एका नरामागे दोन-तीन माद्या हे प्रमाण ठेवतात. फुगलेले पोट नेहमी गर्भाचेच नसते. खवले उभे राहून अंग सीताफळासारखे दिसू लागले, तर तो जलोदर. त्यातून मासळी क्वचितच उठते. बलून मॉलीचे गोल पोट हा मात्र आजार नसून कण्याची पैदाशीत जपलेली विकृती आहे, तिच्यामुळे आतली इंद्रिये जन्मभर दाटीत राहतात.

सुधारणा झाली की आधी पर उघडतात, मग मासळी काच खरवडू लागते. त्यानंतरही दोन आठवडे तिला वेगळे ठेवतात. असाध्य मासळीला लवंग तेलाने बेशुद्ध करून, मात्रा वाढवत संपवतात. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही काही वेळ तिला त्याच पाण्यात ठेवावे लागते. आजारी वा नकोशा मॉल्या विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत : रोग तर पसरतोच, आणि महिन्या-दीड महिन्याला पिल्ले देणारा परका मासा तिथल्या माशांच्या वाट्याला येतो.