खानापूर कुठल्या जिल्ह्यात? पोरं पाठ सांगतात, पण डोक्यात काय असतं?

चौथीतल्या पोराला विचारा, खानापूर कुठल्या जिल्ह्यात? बेळगाव. बेळगाव कुठल्या राज्यात? कर्नाटक. झालं, पैकीच्या पैकी. आता त्याच पोराला कोरा कागद देऊन सांगा की खानापूर, बेळगाव जिल्हा, कर्नाटक आणि भारत, चौघांचे चार गोल काढ बघू. गोल एकात एक आले तर ठीक, शेजारी शेजारी आले तर समजायचं की उत्तर पाठ आहे पण चित्र तयार नाही.

ही युक्ती जुनी आहे. मुलांची विचारशक्ती कशी वाढते याचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी वेल यांनी १९५१ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या पोरांवरचा अभ्यास छापला, त्यात सात-आठ वर्षांपर्यंतची पोरं तोंडाने म्हणायची जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि कागदावर मात्र दोन वेगळे गोल काढून मोकळी व्हायची. त्याहून थोडी मोठी पोरं गोल बरोबर काढायची, पण तू स्विस आहेस का म्हटलं की म्हणायची, छे, मी जिनिव्हाचा, दोन्ही कसं असणार? दहा-अकराच्या आसपास हा गुंता सुटतो असं पियाजेचं म्हणणं. नंतर मानसशास्त्रज्ञ गुस्ताव जहोडा यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत तेच तपासलं तर सगळी पोरं या क्रमाने जात नाहीत असं दिसलं, म्हणजे वयाचा आकडा फार धरून बसू नये, पण गुंता खरा आहे.

आणि आपल्याकडे सीमाभागात तर तो दुप्पट आहे हो. घरात मराठी, शाळा मराठी माध्यमाची पण पुस्तक कर्नाटक सरकारचं, बसची पाटी कन्नडमध्ये, आणि मामाचं गाव चंदगड तालुक्यात, जो १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता आणि आता कोल्हापुरात आहे. मग पोरगं म्हणतं, आम्ही मराठी बोलतो म्हणजे आम्ही महाराष्ट्रातले. जिनिव्हाच्या पोराचीच गाठ ही. मोठ्यांचा सीमावाद जरा बाजूला ठेवा, चौथीत तो सोडवायचा नाहीये. गाव, तालुका, जिल्हा एकात एक बसतात पण भाषेचा गोल तसा बसत नाही, तो राज्यांच्या गोलांना आडवा कापून जातो, एवढं जरी पोराला कागदावर काढता आलं तरी मला वाटतं त्याला नागरिकशास्त्राचा निम्मा भाग कळला.

प्रश्न कसा विचारतो यावर सगळं आहे. ‘मलप्रभेचा उगम कुठे?’ याचं उत्तर कणकुंबी, एक शब्द, विषय संपला. त्याऐवजी विचारा, खानापूर तालुक्यातूनच निघणारी म्हादई गोव्याकडे जाते आणि मलप्रभा मात्र उलटी पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, असं का? आता पोराला घाटाचा चढ-उतार डोळ्यासमोर आणावाच लागतो. चुकीचं उत्तर आलं तरी चालेल, कारण त्यातूनच कळतं की त्याचं कुठं अडलंय. (गोवा खाली आहे म्हणून, असं कुणी म्हटलं तर पुढचं विचारा, खाली म्हणजे नकाशात खाली की उंचीने खाली? बरेच जण तिथं अडकतात, मोठेसुद्धा.)

याचा अर्थ पाठांतर वाईट असा नाही हं. माहितीच नसेल तर विचार कशावर करणार? फक्त ती डोक्यात बसवायची रीत बदलायची. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले, काहींनी तेच परत वाचलं, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. प्राथमिकच्या वर्गात हे करायला काही लागत नाही. सोमवारी तास सुरू करताना पुस्तक बंद, पाटीवर गेल्या आठवड्यातलं आठवेल ते लिहा आणि सगळ्यांनी एकदम पाट्या वर धरा. दोन इयत्ता एकत्र बसणाऱ्या शाळेतसुद्धा मिनिटभरात कळतं कोण कुठं आहे.

या पाट्यांना मार्क मात्र देऊ नका. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, नुसते मार्क मिळालेली नाही, आणि मार्क अधिक शेरा दोन्ही दिलं तरी फायदा गेला, पोरं आकडा बघतात आणि शेरा वाचतच नाहीत. तेव्हा वहीत ‘६/१०’ लिहिण्यापेक्षा ‘तालुका जिल्ह्याच्या बाहेर गेलाय, आत आण’ एवढं लिहा आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करायला पाच मिनिटं द्या. पालक विचारणारच, किती पडले? त्यांना आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र दाखवा.