कोल, एमिल

कोल, एमिल : (४ जानेवारी १८५७ – २० जानेवारी १९३८). फ्रेंच व्यंगचित्रकार व आद्य ॲनिमेशनपटकार. मूळ आडनाव कूर्ते. जन्म पॅरिस येथे. वडील रबराच्या धंद्यात होते. आई तो लहान असतानाच वारली. जवाहिऱ्याकडील उमेदवारीत त्याचे मन रमले नाही. १८७८ च्या सुमारास तो विख्यात व्यंगचित्रकार आंद्रे झील याच्या हाताखाली काम करू लागला.

‘कोल’ हे टोपणनाव याच काळातले. ते काजळ वा सुरमा या अर्थाच्या मूळ अरबी शब्दावरून घेतले असावे, असे एक मत आहे. गुरूला डिंकासारखा चिकटून असे म्हणून डिंकवाचक फ्रेंच शब्दावरून ते पडले, असे दुसरे. उच्चार दोन्हींशी जुळतो. पण नावाच्या स्पेलिंगमधील (Cohl) मूक ‘एच’ पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. १८७९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष माक्‌माओं याच्यावरील व्यंगचित्रामुळे त्याला तुरुंगात जावे लागले. पुढे झ्यूल लेव्हीच्या ‘विसंगत’ कलावंतांच्या गटात तो वावरला. तेथील तर्कविसंगत कल्पनांचा खेळ त्याच्या चित्रपटांतही दिसतो.

आपले चित्र जाहिरातीसाठी चोरले म्हणून तो जाब विचारायला गोमों या चित्रपट कंपनीत गेला आणि नोकरी घेऊन परतला, ही कथा बरीच प्रचलित आहे. मात्र ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. १९०८ मध्ये तो तेथे काम करीत होता, हे निश्चित.

त्याचा ‘फांतास्मागोरी’ १७ ऑगस्ट १९०८ रोजी पॅरिसमध्ये दाखवला गेला. खालून उजेड सोडलेल्या काचेवर कागद ठेवून, आधीच्या चित्रावरून पुढचे गिरवीत त्याने सुमारे ७०० रेखाचित्रे काढली व प्रत्येकाचे दोनदा छायाचित्रण केले. पांढऱ्या कागदावरील काळ्या रेषा निगेटिव्ह रूपात छापल्याने पडद्यावर फळ्यावरील खडूचा भास होतो. एवढ्या श्रमांतून जेमतेम दीड-दोन मिनिटांचा पट तयार झाला, पण त्यातील हत्तीचे घर होणे आजही विलक्षण वाटते.

हा पहिला ॲनिमेशनपट म्हणावा का, हा वाद व्याख्येचा आहे. एमिल रेनो १८९२ पासून हाताने रंगवलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर दाखवीत होता, पण त्या कॅमेऱ्याने टिपलेल्या नव्हत्या. अमेरिकेत ब्लॅकटनने १९०६ मध्ये फळ्यावरील चित्रे हलती केली, परंतु त्यांत चित्रकाराचा हात व कागदी कातरकामही होते. ‘फांतास्मागोरी’तही चित्रकाराचा हात क्षणभर दिसतो, तरी जवळजवळ सबंध पट रेखाचित्रांतून घडवण्याचा मान कोलला देणे रास्त ठरेल.

१९१२ मध्ये तो एक्लेर या फ्रेंच चित्रपट कंपनीतर्फे न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे गेला व अमेरिकन व्यंगचित्रकार मॅकमॅनसच्या ‘न्यूलीवेड्स’ या चित्रमालिकेवर त्याने पट केले. १९१४ मध्ये कंपनीच्या तेथील स्टुडिओला आग लागली. या मालिकेतील बहुतेक पट आज उपलब्ध नाहीत.