कम्प्युटेशनल जॉमेट्रीची परिषद: नोंदणी, अनुदान आणि व्हिसाची कागदपत्रे

कम्प्युटेशनल जॉमेट्री म्हणजे भूमितीचे प्रश्न संगणकाने सोडवण्याच्या रीतींचा अभ्यास. या विषयातली मुख्य परिषद म्हणजे १९८५ पासून दरवर्षी भरणारी एसओसीजी (सिम्पोझियम ऑन कम्प्युटेशनल जॉमेट्री). भरते जूनमध्ये; पेपर द्यायची मुदत साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला असते, निकाल फेब्रुवारीत लागतो. देशातल्या देशात अनुभव हवा असेल तर फेब्रुवारीत भरणारी कॅल्डॅम बघा, तिथे व्हिसाची भानगड नाही.

पात्रतेची अट फारशी नाही. शुल्क भरले की पेपर नसतानाही ऐकायला बसता येते. अनुदान मात्र बहुधा पेपर सादर करणाऱ्यालाच मिळते. पीएचडीचे विद्यार्थी एसओसीजीसोबतच्या यंग रिसर्चर्स फोरममध्ये छोटा गोषवारा देऊ शकतात. दोन दिवसांत 'स्वीकृती' कळवून पैसे मागणाऱ्या परिषदांच्या नादी लागू नका.

एसओसीजीचा पेपर लाटेकमध्ये (गणिती मजकूर मांडायची संगणक प्रणाली), ठरलेल्या साच्यातच लागतो. मर्यादा पानांची नसून ओळींची आहे: ५००, संदर्भसूची वगळून. मुदतीपुढे 'एओई' (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत) लिहिले असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ मिळतो. गावातली वीज आणि नेट लक्षात घेता एक प्रत आदल्या दिवशीच चढवून ठेवा. मुदतीपर्यंत ती बदलता येते.

पासपोर्ट पेपर लिहितानाच काढायला घ्या, निकालाची वाट पाहू नका. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर क्रम वेगळा, पेपरवर नुसती आद्याक्षरे. नोंदणी आणि निमंत्रणपत्र, दोन्हींवर पासपोर्टवरचेच नाव अक्षरन् अक्षर द्या. पेपरवरचे नाव वेगळे असेल तर आयोजकांना निमंत्रणपत्रात पेपरचे शीर्षकही लिहायला सांगा.

परिषद युरोपातल्या बहुतेक देशांत असेल तर शेंगेन (त्या देशांचा सामाईक) व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. तेवढ्यावर विसंबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत. ३०,००० युरोचा प्रवासविमा, निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती, राहण्याची सोय, बँकेचे स्टेटमेंट आणि कॉलेज किंवा विद्यापीठाचे ना-हरकत पत्र जोडा. गाईड, प्राचार्य, विद्यापीठ असा त्या पत्राचा प्रवास असतो, म्हणून स्वीकृतीचा मेल आला की त्याच आठवड्यात त्या पत्रासाठी अर्ज द्या.

खर्च घरचे उचलणार असतील आणि घर शेतीवर असेल तर आयकर विवरणपत्र बहुधा नसतेच. अशा वेळी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आईवडिलांचे हमीपत्र लावा, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून. कापसाचे पैसे एकरकमी खात्यात आले की स्टेटमेंटवर तेवढीच एक मोठी रक्कम उठून दिसते आणि ती उसनी आणल्याचा संशय येतो. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) किंवा बाजार समितीची पावती सोबत असली की प्रश्न मिटतो.

शुल्क परकीय चलनात भरताना कार्ड नाकारले जाते, कारण परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अॅपमधून ते आधी सुरू करा. लवकर नोंदणीची सवलत याच गडबडीत हुकते. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळेल का, हे आयोजकांकडून मेलवर लिहून घ्या.

अनुदानासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची परदेश प्रवास योजना आणि एसीएम इंडिया-आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्थांची योजना बघा. दोन्हींना स्वीकृतिपत्र लागते. पैसे बहुधा परतल्यावर मिळतात, म्हणून तिकिटाची पावती आणि बोर्डिंग पास दोन्ही जपून ठेवा.