तेच गणित, दुसरं मशीन, वेगळं उत्तर: हा घोळ कुठून आला

१९८५ च्या आधीचं तर विचारूच नका, कॉम्प्युटरमध्ये दशांश आकडा (फ्लोटिंग पॉइंट) साठवायची प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, कुणी दोनच्या पायावर तर कुणी सोळाच्या, त्यामुळे प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर नेला की उत्तर थोडंफार हलणार हे लोक धरूनच चालायचे. मग १९८५ ला आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं ७५४ नंबरचं स्टँडर्ड आलं, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारात राउंडिंग, म्हणजे न मावणारे अंक सोडून जवळचा आकडा धरणं, कसं करायचं ते ठरलं. आता सगळीकडे एकच उत्तर येईल असं वाटलं होतं.

पण १९८० पासूनच बाजारात असलेल्या इंटेलच्या ८०८७ या गणिताच्या चिपचे रजिस्टर (चिपच्या आत आकडा ठेवायच्या जागा) ८० बिटांचे होते आणि स्टँडर्डने अशा जादा बिटांना मुभा दिली. हेतू चांगला होता, मधल्या पायऱ्या जास्त बिटांत केल्या की शेवटची चूक कमी होते. अडचण अशी की आकडा रजिस्टरमधून मेमरीत कधी जाणार, म्हणजे ६४ बिटांवर कधी कापला जाणार, हे कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, ठरवायचा. एकावर सोळा शून्यं असा आकडा घ्या, त्यात १ मिळवा आणि तोच आकडा वजा करा. सगळं रजिस्टरमध्येच राहिलं तर उत्तर १, मध्ये मेमरीत जाऊन आलं तर ०. चूक शोधायला मधलं उत्तर छापणारी एक ओळ घातली की बऱ्याचदा चूकच गायब व्हायची, कारण छापण्यासाठी आकडा मेमरीत जायचा!

यावर वर्षानुवर्षं वाद झाले. ८० बिटवाले म्हणायचे आमचं उत्तर जास्त अचूक आहे. असेलही, पण अचूक असणं आणि दरवेळी तेच येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच शब्दात कोंबल्या म्हणून वाद इतका लांबला असं माझं स्पष्ट मत आहे. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेने आधी सगळीकडे तेच उत्तर असा कडक नियम ठेवला, १९९८ ला ढिला केला आणि ज्यांना कडकच हवा त्यांच्यासाठी स्ट्रिक्टएफपी हा शब्द दिला, आणि २०२१ ला परत सगळ्यांना कडक, कारण एसएसई२ (थेट ६४ बिटांत गणित करणाऱ्या, चिपमधल्या नव्या सूचना) आल्यावर ८० बिटांची गरजच संपली होती.

तरी घोळ मिटला नाही. ७५४ स्टँडर्डच्या २००८ च्या आवृत्तीत एफएमए आलं, गुणाकार आणि बेरीज मिळून एकदाच राउंडिंग, म्हणजे एक गुणाकार आधी राउंड होतो आणि दुसरा नाही, त्यामुळे अ आणि ब अगदी सारखे असूनही अ×अ − ब×ब शून्य येईलच असं नाही. साइन, लॉग वगैरेंची शेवटची बिटं लायब्ररीगणिक बदलतात. आणि बेरीज हजारो थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये) वाटली की कुणाचा तुकडा आधी पोचला त्यावर क्रम ठरतो, क्रम बदलला की राउंडिंगही बदलतं, मग दुसरं मशीन लागतच नाही, तोच प्रोग्राम त्याच जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) परत चालवला तरी शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात.