लोड रनर: उडी नसलेल्या गेमची पार्श्वभूमी

सिक्स्टी फोर इन वनची कॅसेट फुंकर मारून टीव्ही व्हिडिओ गेममध्ये ज्यांनी खुपसलीय, त्यांना लोड रनर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मारिओ झाला, रणगाडे झाले, की यादीत खाली कुठेतरी हा सापडायचा. पहिल्या दिवशी सगळे एकच बोलायचे, अरे याला उडीच मारता येत नाही, आणि रिसेट. मीही तेच केलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत बाकीच्या गेम खेळून कंटाळा आल्यावर परत लावला आणि मग सुट्टी संपेपर्यंत तोच.

पण आपल्याकडे ही गेम कॅसेटमधून आली म्हणून ती मूळची कॅसेटची असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. ती होम कॉम्प्युटरची गेम आहे, १९८३ ची, ॲपल टूवर लिहिलेली. त्याच्याही आधी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीत, तिथल्या मोठ्या सामायिक कॉम्प्युटरवर, काँग नावाने ती पोरं पोरं खेळायची. चित्रं नव्हतीच, कीबोर्डवरच्या अक्षरांनी आणि चिन्हांनी काढलेल्या भिंती आणि शिड्या. लिहिणारा आर्किटेक्चरचा विद्यार्थी होता, हे कळल्यावर मला तरी बरंच काही उलगडलं, कारण या गेममध्ये सगळा खेळ मजले, जिने आणि विटांचाच आहे. मग १९८२ मध्ये त्याने ॲपल टूवर मायनर नावाने कच्ची गेम उभी केली, ब्लॅक अँड व्हाइट, जॉयस्टिक चालत नाही अशी, आणि कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला पाठवली. तिकडून एका ओळीचा नकार आला. गड्याने उसने पैसे काढून कलर मॉनिटर आणि जॉयस्टिक घेतली, गेम घासूनपुसून नाव बदललं, आणि ख्रिसमसच्या सुमारास चार कंपन्यांना पाठवली तर चौघांचाही होकार. गेला शेवटी त्या नकार देणाऱ्यांकडेच.

नावाचं सांगायचं तर आपल्या लिपीने इथे चांगलाच घोळ घातलाय. हा लोड म्हणजे ओझं नाही, प्रोग्रॅम लोड होतो तो लोडही नाही, आणि लोड-तक्क्यातला तर नाहीच नाही (आमच्या गल्लीत एकाचं खरंच असं मत होतं की तो पिवळा डबा म्हणजे लोड). हा खाणीतला शब्द आहे, खडकात सोन्याची शीर असते ना, ती. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं असल्याने तिकडे निदान कागदावर तरी फरक दिसतो, देवनागरीत सगळे एकच. गोष्ट तर अशी की एका जुलमी साम्राज्याच्या राज्यकर्त्यांनी फास्ट फूडवर अवाच्या सव्वा टॅक्स लावून जनतेचं सोनं लुबाडलंय आणि आपण ते परत आणायचंय. हे गमतीने लिहिलं होतं. हल्ली हॉटेलचं बिल बघताना तेवढं गमतीचं वाटत नाही.

आता खरी गंमत कशात आहे ते. तुम्हाला फक्त डावीकडच्या किंवा उजवीकडच्या जमिनीतली वीट फोडता येते, पायाखालची नाही. एवढाच नियम. पण समजा सोनं विटांच्या तीन थरांखाली आहे, तर सरळ खड्डा खणून खाली जाता येत नाही, कारण खड्ड्यात उतरल्यावर शेजारी जागाच नसते. म्हणून वर तीन विटा फोडायच्या, उतरून दोन, परत उतरून एक. शेतातली विहीर खणताना वर रुंद आणि खाली निमुळतं होत जातं, अगदी तसं. आणि हे करताना वरच्या विटा थोड्या वेळाने आपोआप परत भरत असतात, आत अडकलात तर मेलात. पहारेकरी मागे लागलेत ते वेगळंच. ते खड्ड्यात पडले की त्यांच्या डोक्यावरून चालत पलीकडे जाता येतं, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला ही गेम कळली. सोनं उचललेला पहारेकरी खड्ड्यात पडला की सोनं टाकतो, म्हणजे कधी कधी त्याच्यापासून पळायचं नसतं, त्याला गोडीगुलाबीने नको तिथून हव्या त्या जागी आणायचं असतं. कितीही उंचावरून पडा, लागत नाही, फक्त पडताना हवेत वळता येत नाही, त्यामुळे एकदा पाय सुटला की निर्णय झाला. मग ही प्लॅटफॉर्म गेम (मारिओसारखी, मजल्यांवरून पळापळीची) की पझल यावर लोक वाद घालतात, घालोत.

मूळ गेममध्ये १५० लेव्हल होत्या आणि वर लेव्हल बनवायचा एडिटर फुकट, १९८३ मध्ये ही चैनच होती. १९८४ मध्ये पक्क्या खेळाडूंसाठी ५० अवघड लेव्हलची वेगळी गेम आली. त्याच वर्षी जपानमध्ये आर्केडची, म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायची, मशीनं निघाली, हे उलटं झालं, कारण तेव्हा गेम आर्केडमधून घरी यायच्या, घरातून आर्केडमध्ये सहसा जायच्या नाहीत.

आणि त्याच १९८४ मध्ये तो फॅमिकॉमचा (निन्टेंडोचा जपानी टीव्ही गेम) अवतार आला ज्यावरून अजून भांडणं होतात. आपण जो खेळलो तो हाच, कारण आपले टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉमचीच नक्कल. भांडण असं की ॲपल टूवर अख्खी लेव्हल एका स्क्रीनवर दिसायची, २८ चौकोन आडवे आणि १६ उभे. तिथे स्क्रीन २८० पिक्सेल रुंद, म्हणजे एका चौकोनाला बरोब्बर १०. फॅमिकॉमवर मात्र माणूस मोठा केला, विटा मोठ्या केल्या, आणि लेव्हल स्क्रीनच्या बाहेर जाऊन आपण चालू तशी सरकायला लागली, एका वेळी साधारण अर्ध्याहून थोडीच जास्त दिसणार. जुने लोक म्हणतात हा गुन्हा आहे, कोडं सोडवायचं तर सगळं समोर पाहिजे, बुद्धिबळाचा अर्धा पट रुमालाने झाकून कोण खेळतं. कुणी म्हणेल मशीनची मजबुरी असेल, तर तसंही नाही. फॅमिकॉमची स्क्रीन २५६ पिक्सेलची, आठ-आठचा चौकोन धरला तर २८ चौकोनांचे २२४ होतात, आरामात मावलं असतं. म्हणजे ठरवून केलंय.

मी तटस्थपणे सांगायचं ठरवलं होतं पण जमणार नाही. आठ पिक्सेलचा माणूस १४ इंची टीव्हीवर, ॲन्टेनाच्या मुंग्यांमधून, आईने "लांब बस, डोळे जातील" म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या पोराला दिसला असता का? कॉम्प्युटरवाले मॉनिटरला नाक लावून बसायचे, त्यांना काय. शिवाय स्क्रीनच्या बाहेरून पहारेकरी अचानक आत यायचा तेव्हा पोटात जो गोळा यायचा तो अख्खी लेव्हल दिसणाऱ्यांना कधी आलाच नाही. जपानमध्ये ती दहा लाखांवर खपली, म्हणजे तिकडच्या पोरांनाही चाललं. हां, पझल म्हणून नुकसान झालं हे मान्य, आणि १५० च्या ५० लेव्हल केल्या ते मात्र मला अजूनही पटत नाही. त्यात एडिट मोड होता पण बनवलेली लेव्हल साठवायला जपानमध्ये टेप रेकॉर्डरचं वेगळं यंत्र मिळायचं, आपल्याकडे कुठलं. मी रविवारभर बसून बनवलेली लेव्हल संध्याकाळी लाईट गेली तशी गेली.

त्या अवताराची अजून एक गंमत, त्यातले रोबोट पहारेकरी नीट बघा, बॉम्बरमॅन, म्हणजे बॉम्ब ठेवत फिरायच्या गेमचा रोबोट हिरो, ओळखू येईल. १९८५ च्या बॉम्बरमॅनमध्ये शेवटी तो रोबोट माणूस होतो, म्हणजे लोड रनरचा हिरो होतो. दोन्ही गेम एकाच कॅसेटमध्ये असून आम्हाला हे कळलं नाही कारण बॉम्बरमॅन शेवटपर्यंत नेलाच कोणी.

पुढे १९९४ मध्ये विंडोजवर रंगीबेरंगी अवतार आला, २००९ मध्ये एक्सबॉक्सवर, २०१३ मध्ये मोबाईलवर, २०१७ मध्ये ठोकळ्या-ठोकळ्यांचा थ्रीडी. टेट्रिस बनवणारा रशियन माणूससुद्धा हीच माझी कित्येक वर्षं आवडती पझल गेम होती असं सांगून मोकळा झाला. मूळ बनवणारा २०१४ मध्ये गेला. मधल्या काळात गणितवाल्यांनी हेही सिद्ध केलं की लोड रनरची एखादी लेव्हल सुटते की नाही हे ठरवणं हे कॉम्प्युटरच्या अतिअवघड प्रश्नांच्या, म्हणजे एनपी-हार्ड, वर्गात बसतं. आठवीत असताना घरच्यांना दाखवायला हे हवं होतं.

आता जुन्या लेव्हल ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतात, अख्ख्या एका स्क्रीनवर, आणि दुसऱ्याने सोडवलेला डाव बघताही येतो. गेल्या महिन्यात भाच्याच्या लॅपटॉपवर बघताना मी लहानपणी जिथे कायम अडकायचो ती लेव्हल समोर आली. मी तेव्हा डावीकडच्या शिडीवर चढून विटांशी झटापट करत बसायचो. भाच्याने दोन सेकंद बघितलं आणि उजवीकडे बोट दाखवलं, तिकडून दोरीने जायचं ना मामा. माझ्या टीव्हीवर ती दोरी स्क्रीनच्या बाहेर होती.