मासा जिवंत ठेवूनही विक्रम सिद्ध होतो

उजनीच्या फुगवट्यात मोठा कटला गळाला लागला की फोटो दुपारपर्यंत सोलापुरात पोचतो. सोबत वजनाचा आकडा असतो, काटा मात्र दिसत नाही. मग कुणीतरी म्हणतं, मारून तोलल्याशिवाय खरं वजन कळत नाही. हा गैरसमज आहे. 1939 साली स्थापन झालेली ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ 2011 पासून लांबीचेही विक्रम नोंदवते आणि त्यात मासा जिवंत सोडणं ही अटच आहे.

नुसता फोटो का चालत नाही? माणूस कॅमेऱ्यापासून 2 मीटरवर आणि पुढे धरलेला मासा 1.4 मीटरवर असेल, तर मासा माणसाच्या तुलनेत 1.43 पट मोठा दिसतो. शेजारी मोजपट्टी नसेल तर फोटोवरून वजन सांगणाऱ्या ॲपवरही विसंबू नका. मासा ओल्या पट्टीवर आडवा ठेवा, मिटलेलं तोंड शून्यावरच्या आडकाठीला टेकवा आणि फोटो बरोबर वरून घ्या. लांबी शेपटीच्या बेचक्यापर्यंत धरायची की टोकापर्यंत, हे आधीच ठरवा.

वजनाचं एक सूत्र फार वापरतात. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले 28,900; मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. हा भाजक मोठा गमतीचा आहे. मासा पाण्याच्या घनतेचा सरळ दंडगोल असता तर भाजक 12,566 आला असता. म्हणजे मासा त्या दंडगोलाचा जेमतेम 43 टक्के भाग भरतो, कारण तो दोन्हीकडे निमुळता आणि कुशीत चपटा असतो. पण थोराड डोक्याचा कटला आणि लांबोडी वाम एकाच भाजकात कशी बसणार? शिवाय घेराचा वर्ग होतो. लांबी 90, घेर 70 असेल तर उत्तर 15.3 किलो येतं. फीत परावरून गेली आणि घेर 73 भरला की थेट 16.6. लांबीत तेवढीच चूक झाली तर 15.8. अंदाजाला सूत्र ठीक, विक्रमाला नाही.

वजनाच्या विक्रमाला काटाच हवा, तोही वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापन खात्याचा शिक्का असलेला. ताणकाट्याची स्प्रिंग कालांतराने सैल पडते. कॅनचं वजन धरून 10 लिटर पाणी टांगून तपासा. होडीत काटा नाचतो, म्हणून वजन काठावर करा. ओली झोळी आधी रिकामी तोला, मग मासा तिच्यात आडवा घ्या. जबड्याला आकडा लावून टांगू नका. पाण्यात त्याचा भार पाणी पेलतं, हवेत तो सगळा जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतो.

हे सगळं झटपट उरकायला हवं. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वास बंद पडतो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नुसत्या दमवलेल्या रेनबो ट्राउटपैकी 12 टक्के मेले. दमवून 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के आणि 60 सेकंद ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. ट्राउट थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे उन्हाळ्यात 30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशांना 9 मावतो. त्यामुळे दमलेल्या माशाला सावरायला इथे जास्त वेळ लागतो.

हात ओले ठेवा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. सोडताना मासा पोटाखाली आधार देऊन पाण्यात सरळ धरा. त्याला मागेपुढे हलवू नका, मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. शेपटीचा हिसडा देऊन तो स्वतः सुटेपर्यंत थांबा.